देवावर चिडलेले आजोबा

प्रिय सोनू,

काल व्हिडिओ कॉलवर आजोबा विठोबाच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, "झोपलास काय रे?" आणि लगेच टाळ घेऊन हरिपाठाला बसले. तू विचारलंस, देवावर चिडायचं आणि पुन्हा त्याचंच नाव घ्यायचं, हे कसं? अर्धांगवायूनं आजीची वाचा गेली ती अजून आली नाही, मग आजोबा सोडून का देत नाहीत?

आपल्याकडे विठोबाशी भांडता येतं. जनाबाईंनी त्याला शिव्या घातल्या. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. 'माझे लेखीं देव मेला' असंही तुकोबा एका अभंगात म्हणून बसले. वारकऱ्यांनी ती ओळ दडवली नाही. गाथेत ती आहे.

मला मात्र सगळ्यांत जवळचे वाटतात चोखोबा. ते महार, म्हणून पंढरपूरच्या देवळात त्यांना पाऊल टाकू देत नसत. ते बाहेरूनच अभंग गात राहिले. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवाला थेट जाब विचारायचा, आम्हाला हीन जातीत का घातलंस? १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर आहे, म्हणजे तीही बाहेरच. दार उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी त्यासाठी उपोषण केल्यावर. सहाशे वर्षं! मला अजूनही याचा संताप येतो, कारण दार देवानं नाही, माणसांनी लावून घेतलं होतं, आणि उघडायलाही माणसालाच उपाशी बसावं लागलं.

म्हणून आजोबा नुसता हरिपाठ म्हणत नाहीत. सकाळी आजीचा हात धरून व्यायाम करून घेतात, औषधाची वेळ चुकवत नाहीत. आजी पुन्हा बोलेल का, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही. आजोबांना हे ठाऊक आहे. त्यांनी विठोबाशी बोलणं तोडलेलं नाही, इतकंच. रागही त्यालाच सांगतात, कारण आजीसमोर त्यांना तो काढायचा नसतो.

तुलाही राग येत असेल तर खुशाल सांग त्याला. शनिवारी तुला सुट्टी आहे, त्यांच्या हरिपाठाच्या वेळी फोन लावू. 'देवाचिये द्वारीं' तुला पाठ आहेच. आजीला ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्यानं म्हण.

तुझा,
बाबा