फ्रेंच जमत नाही म्हणून परत येऊ का?

मी समुपदेशक आहे. परदेशात वैद्यकीय प्रशिक्षणाला गेलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला वारंवार येतो: "भाषा अजून जमत नाही, एकटं राहवत नाही, माझ्यामुळे पेशंटला काही झालं तर? परत येऊ का?" प्रश्न एका दमात येतो, पण मी तो तसाच सोडवायला घेत नाही. का, ते एका केसवरून सांगते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एमडी झाल्यावर ती उत्तर फ्रान्समधल्या लील शहरातल्या एका रुग्णालयात गेली होती. तिथे निवासी डॉक्टरांची सेमिस्टर नोव्हेंबर आणि मे महिन्यांत सुरू होतात, त्यामुळे ती नेमकी हिवाळ्याच्या तोंडावर पोहोचली. हातात फ्रेंचचं बी2 पातळीचं, म्हणजे सहा पायऱ्यांपैकी चौथीचं, प्रमाणपत्र होतं. डिसेंबरात आमचं पहिलं ऑनलाइन सत्र झालं.

परदेशातून बोलणाऱ्या व्यक्तीकडून मी सुरुवातीलाच राहता पत्ता आणि त्या शहरातल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर मागून घेते, म्हणजे अडीअडचणीला कोणाला फोन करायचा ते माहीत असतं. तिला बराच वेळ एकही नाव सुचेना. शेवटी तिने वॉर्डच्या सेक्रेटरीचा नंबर दिला. पुढे तिने तासभर जे सांगितलं, त्याच्या तोडीची ही माहिती होती.

मी 'तुम्ही' म्हणत होते. "मला अगं-तुगं करा ना मॅडम," ती म्हणाली, "इथे दिवसभर सगळे 'वू, वू', म्हणजे 'तुम्ही, तुम्ही' करतात, त्यात तुमचं 'तुम्ही' नको." आणि मग लगेच, "मी इथे येऊन मठ्ठ झालेय. विनोद कळत नाही, फोन वाजला की पोटात गोळा येतो. घरी आले की नुसती पडून राहते."

डॉक्टर असली तरी नैराश्याची तपासणी टाळायची नसते, उलट डॉक्टर मंडळी स्वतःची लक्षणं फार सफाईने झाकतात. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. जीव नकोसा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारलं. तसं काही नव्हतं, आणि गुण 10 च्या आत, म्हणजे मध्यम नैराश्याच्या रेषेखाली होते. थकवा मात्र भरपूर होता. परक्या भाषेत आठ-दहा तास कान टवकारून उभं राहिलं की माणूस शिणतो, त्याला आजार म्हणायची घाई करू नये.

मग मी तिला आठवड्यातले सगळ्यात वाईट क्षण वेळेसकट लिहून आणायला सांगितलं. यादी आली ती मोठी बोलकी होती. राऊंड त्यात नव्हता, पेशंटची हिस्टरी घेणं नव्हतं. होते ते तीन प्रसंग: वॉर्डमधला फोन, दुपारचं जेवण आणि रविवारची संध्याकाळ. या तिन्हींना ती 'फ्रेंच येत नाही' असं एकच नाव देत होती.

फोनचं दुखणं खरोखर भाषेचं होतं, पण फार अरुंद. आकडे! फ्रेंचमध्ये 87 म्हणजे 'चार विसा सात' आणि 97 म्हणजे 'चार विसा सतरा', आपल्या जुन्या बायका विसांनी मोजायच्या तसं. घाईत बोलणाऱ्या नर्सच्या तोंडून सतरातला 'दी' (दहा) निसटला, की 97 चं ऑक्सिजन सॅच्युरेशन 87 ऐकू येतं. त्यात तिथे रक्तदाब बोलताना 'बारा-आठ' म्हणतात, तो आपला 120/80. साखर ग्रॅम प्रति लिटरमध्ये, म्हणजे आपली 180 तिथे 1.8. चेहरा दिसत नाही, मागे मशीन वाजतायत. अशा वेळी ती "हो, हो" म्हणून फोन ठेवायची आणि मग धावत वॉर्डात जाऊन स्वतः मोजायची. पेशंटला इजा झाली नव्हती, पण तिचे पाय आणि धीर दोन्ही संपत आले होते.

"इथे असताना फोनवरची ऑर्डर नर्सने परत वाचून दाखवली नाही तर तू काय करायचीस?" मी विचारलं.

"रागवायचे."

"मग तिथे तू का वाचून दाखवत नाहीस?"

"त्यांना वाटेल हिला भाषा येत नाही."

"ते त्यांना माहीतच आहे गं."

ती हसली. ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा आणि आकडे सुटे मागायचे: 'आठ, सात'. ही सुरक्षिततेची रीत मातृभाषेत बोलणाऱ्यांनाही लागू आहे. तिने त्यासाठी एकच फ्रेंच वाक्य पाठ केलं आणि सीनियरना आधीच सांगून ठेवलं, की शंका असेल तेव्हा मी विचारणार. असं सांगायला हिंमत लागते, हे मान्य. पण समजल्याचं सोंग करणारा डॉक्टर मला जास्त धोक्याचा वाटतो.

परक्या भाषेतल्या या धास्तीवर एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये लिहिलं, ते मी तिला थोडक्यात सांगितलं: एरवी हुशार, बोलकी माणसंसुद्धा परभाषेत मिटून जातात, कारण आपण आहोत तसे दिसत नाही आहोत ही बोच असते. तिला हे वर्णन इतकं लागू पडलं की ती थोडी रडली.

जेवणाची गोष्ट वेगळी. सहा-सात तरुण डॉक्टर एकमेकांचं वाक्य तोडत, शहरी बोलीत थट्टा करतात तेव्हा बी2 तिथे तोकडं पडतं. क्लिनिकल बोलण्यापेक्षा टेबलावरची टवाळी कितीतरी अवघड. म्हणून ती खोलीत बसून एकटी जेवायची. मी तिला टेबलावर जायला सांगितलं नाही. एका वेळी एकच माणूस, एवढंच ठरवलं. तिने निवडली वॉर्डातली एक वयस्कर मदतनीस, जिला सावकाश बोलायची सवय होती आणि जी तिची शब्दांच्या लिंगाची चूक न चुकता दुरुस्त करायची. महिन्याभराने टेबलावर ती आपणहून गेली. विनोद अजूनही निम्मेच कळतात, म्हणाली.

रविवार सगळ्यात जड. लीलमध्ये डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, रविवारी बरीच दुकानं बंद, आणि खोलीत आवाज फक्त आईचा, व्हिडिओ कॉलवर. रोज दोन तास! तिकडचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. आई डोळे ताणून बसलेली, लेक अपराधी. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार मांडले: जिव्हाळ्याच्या माणसाची उणीव, आणि आपल्या भोवती चारचौघं नसण्याची उणीव. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. आईच्या फोनने पहिली उणीव भागत होती. दुसरीसाठी लागणारी संध्याकाळ मात्र तोच फोन खात होता.

फोन सकाळी साडेसातला, रुग्णालयात चालत जाताना पंधरा मिनिटं, असा ठरला. इकडे दुपारचे बारा. आईला हे मुळीच आवडलं नाही, तिच्याशी मला वेगळं बोलावं लागलं. रविवारसाठी तिने एक हौशी गायनवृंद शोधला. गाताना शब्द समोर कागदावर असतात, वाक्य जुळवावं लागत नाही, आणि तरी वीस माणसं शेजारी उभी असतात. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

परतण्याचा निर्णय? तो मी तिला रविवारी संध्याकाळी घ्यायला बंदी केली होती. आठवड्याच्या मधल्या दिवशी, झोप झालेली असताना विचार कर, म्हटलं. एप्रिलमध्ये तिने आणखी एक सेमिस्टर मागून घेतलं. परत आली असती तरी मी तिला हरली म्हटलं नसतं.

मात्र कोणाची उदासी दोन आठवडे दिवसातला बहुतेक वेळ टिकली, झोप उडाली, किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर गायनवृंद पुरत नाही. फ्रान्समध्ये 3114 ही आत्महत्या प्रतिबंधाची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, तातडीच्या वैद्यकीय मदतीला 15. तिथल्या विद्यापीठात नाव नोंदलेल्या विद्यार्थ्यांना 'साँते प्सी एत्युदियाँ' योजनेत मानसशास्त्रज्ञांची मोफत सत्रं मिळतात. यातले दोन्ही नंबर तिने दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आणि अडचणीच्या वेळी फोन करण्यासाठी मला नवं नाव कळवलं: गायनवृंदात तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईंचं.