‘शरीरानं ते हाड टाकून दिलं तर?’

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू. त्याआधी बोन ग्राफ्ट, म्हणजे कमी पडणाऱ्या हाडाची भर, करावं लागेल असं सांगितलं की पुढचे दोन प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. हाड कुणाचं घालणार? आणि शरीरानं ते नाकारलं तर? दुसरा प्रश्न किडनी बदलण्याच्या गोष्टी ऐकून आलेला असतो. त्यामुळे काळजी भलत्याच ठिकाणी खर्च होते आणि जिथं खरोखर सांभाळायचं तिथं दुर्लक्ष होतं. हे एका शिक्षिकेच्या केसमध्ये फार स्पष्ट दिसलं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या आसपास. वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचा दात मुळाशी तडकला म्हणून चार वर्षांपूर्वी काढलेला, तेव्हापासून प्लेटवरचा काढता-घालता दात. सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्सरेत, हाडाची उंची 15 मिमी होती, म्हणजे भरपूर. रुंदी मात्र हिरडीकडच्या कडेला जेमतेम 3.4 मिमी. दात काढल्यावर हाड झिजतं ते साधारण असंच. उंचीपेक्षा रुंदी जास्त जाते आणि ओठाकडची बाजू आधी जाते, कारण पुढच्या दातांवरचं तिथलं हाड मुळात बहुतेकदा 1 मिमीपेक्षाही पातळ असतं आणि दात आहे तोवरच टिकतं. पहिल्या वर्षात निम्म्याच्या आसपास रुंदी जाऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच.

आता गणित. त्या जागेसाठी 3.3 मिमी जाडीचा, म्हणजे बारीकच इम्प्लांट धरला, तरी त्याच्या पुढे-मागे किमान दीड-दीड मिमी हाड हवं. झाले 6.3. ओठाच्या बाजूला 2 मिमी असेल तर आणखी बरं, नाहीतर काही वर्षांत हिरडी खाली-वर होऊन धातूची करडी छटा दिसू लागते. म्हणजे जवळपास 3 मिमी रुंदी कमी पडत होती. हे कागदावर मांडून दाखवलं की ‘डॉक्टर उगाच वाढवून सांगतात’ हा संशय बराचसा मावळतो. मावळला नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. प्रत्येकाला ग्राफ्ट लागतंच असं नाही. मागच्या दाढांना उंची कमी असेल तर कधी 6 ते 8 मिमीचा आखूड इम्प्लांट पुरतो, आणि शेजारचे दात आधीच कॅप घालण्याजोगे असतील तर ब्रिज, म्हणजे त्या दातांच्या कॅपना जोडून बसवलेला दात, हाही सरळ पर्याय आहे.

हाड कुणाचं, याचं उत्तर चार प्रकारचं असतं. स्वतःचं, म्हणजे त्याच जागेजवळून खरवडलेलं किंवा अक्कलदाढेच्या मागून घेतलेलं. दात्याचं, म्हणजे तपासून, प्रक्रिया करून साठवलेलं मानवी हाड. प्राण्याचं, बहुधा गाय-बैलवर्गातलं. आणि कॅल्शियम फॉस्फेटचं कृत्रिम. प्राण्याच्या हाडातला सेंद्रिय भाग उष्णता आणि रसायनांनी काढून टाकलेला असतो, उरतो तो फक्त खनिज सांगाडा. त्यात जिवंत पेशीच नसतात, म्हणून अवयव नाकारला जातो तसा प्रकार इथं होत नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही लागत नाहीत. हे सगळं बारीक कणांच्या रूपात घालतात. हे कण म्हणजे वेलासाठी घातलेला मांडव. चढायचं ते पेशंटच्या स्वतःच्या हाडानंच.

एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. कणांवर जो कोलॅजेनचा पडदा घालतात, तोही बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीपासून केलेला असतो. ज्यांना प्राणिज काहीच नको, ते कृत्रिम कण मागतात आणि पडद्याचं विचारायचं विसरतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी दोन्हींचा उगम विचारावा. कृत्रिम पडदे मिळतात. त्यांतले विरघळणारे कुठले आणि नंतर काढावे लागणारे कुठले, तेही तेव्हाच विचारून घ्यावं.

बाईंनी प्राणिज कणांना होकार दिला. भूल देऊन हिरडी उघडली, मूळ हाडाला बारीक ड्रिलनं काही छिद्रं पाडली. आतून रक्त आणि हाड तयार करणाऱ्या पेशी वर याव्यात म्हणून ही छिद्रं असतात. पाव ते एक मिमी आकाराचे कण, साधारण अर्धा सीसी, त्यांत जवळूनच खरवडलेलं थोडं स्वतःचं हाड मिसळलं आणि ओठाच्या बाजूनं रचलं. वर पडदा, तो दोन छोट्या टायटॅनियम पिनांनी पक्का केला. पडदा कशासाठी, हे पेशंटला कळलं तर पुढचे नियम पाळले जातात. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा कितीतरी वेगानं वाढतात. आडोसा नसेल तर त्याच आत शिरून जागा भरून टाकतात, आणि मग तिथं हाड नाही, नुसता मऊ गोळा तयार होतो. शेवटी हिरडीच्या आतलं आवरण कापून ती सैल केली आणि ताण न येता टाके घातले. ओढून-ताणून बंद केलेली हिरडी हमखास उघडते, म्हणून अनुभवी सर्जन इथं घाई करत नाहीत.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती, मग उतरली. नवव्या दिवशी बाईंचा घाबरा फोन आला. ‘तोंडात पांढरे टणक कण येताहेत. माझ्या शरीरानं ते टाकून दिलं ना हो?’

तपासलं तेव्हा टाक्यांच्या मध्ये हिरडी तीनेक मिमी उघडली होती, खाली पडद्याची पिवळट कड दिसत होती. पू नाही, ताप नाही, दुखणंही फारसं नाही. विचारपूस करता करता कारण निघालं. तात्पुरता दात म्हणून त्यांना पारदर्शक ट्रेमध्ये बसवलेला दात दिला होता. तो शेजारच्या दातांवर टेकतो, हिरडीला शिवत नाही. पण त्यानं ‘स’ आणि ‘श’ नीट उमटेना, वर्गात मुलं हसली, म्हणून चार दिवस त्यांनी शाळेत जुनी प्लेट घातली. ती प्लेट नेमकी कणांवर दाबत होती.

नाकारण्याचा इथं काही संबंध नव्हता. ग्राफ्टला पहिले काही आठवडे तीन गोष्टी लागतात: बंद हिरडी, चांगला रक्तपुरवठा आणि पूर्ण स्थिरता. बोललं की प्लेट हलते, प्लेट हलली की कण हलतात, आणि हलत्या जागी रक्तवाहिन्या रुजत नाहीत. ग्राफ्ट बिघडण्याची नेहमीची कारणं याच रांगेतली आहेत. सिगारेट-तंबाखू रक्तपुरवठा आखडते, आटोक्यात नसलेली साखर जखम भरू देत नाही, आणि आरशात ओठ उचलून टाके रोज बघायची सवय टाके ओढते. ही शेवटची सवय किरकोळ वाटते, पण फार जणांना असते.

प्लेट तिथल्या तिथं बंद केली. पुन्हा टाके घातले नाहीत, कारण सुजलेल्या नाजूक कडेत टाका धरत नाही, उलट फाडतो. उघड्या जागेवर दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक जेल, त्या बाजूला ब्रश बंद, मऊ जेवण, दर आठवड्याला तपासणी. ट्रेमधल्या दाताची मागची कड घासून पातळ केल्यावर उच्चारही बरेच सुधारले. (ही तक्रार पहिल्याच दिवशी सांगितली असती तर दहा मिनिटांचं काम होतं.) तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हिरडी वरून मिटली.

पहिल्या दिवसांत एखाद-दुसरा कण तोंडात आला तर घाबरू नये. मात्र कण येतच राहिले, चौथ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढली, पू, दुर्गंधी किंवा ताप आला, तर त्याच दिवशी फोन करावा. पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये.

बाईंच्या बाबतीत आधीच विचारलेला आणखी एक प्रश्न इथं सांगायला हवा: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांनी, वर्षातून घ्यायचं इंजेक्शन चालू आहे का? त्यांना नव्हतं. पण ‘दातांशी याचा काय संबंध’ म्हणून हे सांगायचं राहून जातं. या औषधांमुळे जबड्याची जखम भरण्यात क्वचित गंभीर अडचण येते. सांगावं, पण औषध स्वतःहून बंद करू नये. ते डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं असतं.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला. रुंदी हाडाच्या आतल्या, मुळाकडच्या भागात 6.8 मिमी, पण हिरडीकडच्या कडेला, जिथं ती उघडली होती तिथं, 5.5 च मिमी. उघडल्यावर वरचे काही कण सैलच निघाले, ते खरवडून काढले. त्याखालचं हाड ड्रिल करताना घट्ट लागलं आणि त्यातून ताजं रक्त आलं. इम्प्लांट 30 न्यूटन-सेंटिमीटर टॉर्कला, म्हणजे पिळून घट्ट करण्याच्या तेवढ्या जोराला, पक्का बसला. ओठाच्या बाजूला पुन्हा थोडे कण आणि पडदा घालावा लागला. प्लेटचे चार दिवस या जादा ग्राफ्टमध्ये मोजले गेले. कॅपसाठी आणखी तीन-चार महिने थांबायला सांगितलं.

असे प्राणिज कण फार हळू विरघळतात, काही तर वर्षानुवर्षं नव्या हाडातच गुंतून राहतात. पुढे कधी दुसऱ्या दंतवैद्यानं एक्सरे काढला तर तिथं पांढरे ठिपके दिसतील आणि तो विचारेल. कणांच्या, पडद्याच्या आणि इम्प्लांटच्या पाकिटांवर लॉट नंबरची स्टिकर असतात. त्यांतलं एकेक मागून घेऊन आपल्या फाइलमध्ये चिकटवून ठेवावं.