कडक शिक्षा दिल्या तर गुन्हे कमी होतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गुन्हेगारांना कायद्याची भीती उरलेली नाही, भर चौकात फाशी द्यायला लागले तर सगळे सरळ होतील, मग सरकार त्यांना तुरुंगात बसवून फुकट का पोसते?

मी फौजदारी वकिली करते आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्याने कारागृहातही माझे जाणेयेणे असते. तुमच्या प्रश्नामागचा राग मला कळतो. कायद्याची भीती असायला हवी, हेही मान्य. पण ती भीती शिक्षा किती मोठी आहे यावरून बसत नाही. ‘आपण पकडले जाणारच आणि निकाल लवकर लागणारच’ अशी खात्री वाटली तरच ती बसते. आपल्याकडे नेमकी तीच खात्री नाही, आणि कायद्यात फाशीचे कलम वाढवल्याने ती येत नाही.

उलट शिक्षा फार मोठी केली की दोषी सुटण्याची शक्यताच वाढते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तरी फाशी. एवढ्याशा चोरीसाठी जीव घ्यायला ज्यूरीतल्या, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य माणसांचे मन धजेना, म्हणून माल कितीही किमती असला तरी ते शपथेवर त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवू लागले. पुढे १८३० साली तिथल्या शेकडो बँकवाल्यांनी संसदेकडे अर्ज केला की बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यातली फाशी काढून टाका. ज्यांचे पैसे बुडत होते तेच हे मागत होते, कारण फाशीपायी कोणी फिर्याद द्यायला आणि दोषी ठरवायला तयार होत नव्हते.

आता हे आपल्याकडे लावून पाहा. बलात्काराच्या प्रकरणांत दहापैकी नऊपेक्षा जास्त आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात. शेजारी, काका, मावशीचा नवरा, आईने घरात आणलेला माणूस. २०१८ साली बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराला फाशीची तरतूद झाली. घरातलाच माणूस फासावर जाईल म्हटल्यावर त्या मुलीवर गप्प बसण्याचा किती दबाव येत असेल? दिल्लीच्या २०१२ मधल्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशभर संताप होता. तरीही बलात्कारासाठी फाशीची शिफारस समितीने केली नाही. पोलिसांनी तक्रार कशी घ्यावी, वैद्यकीय तपासणी कशी व्हावी, यावर तिने पानेच्या पाने लिहिली. आपण फाशी लक्षात ठेवली आणि ही पाने विसरलो.

खुनाचेही बघा. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्यांत सर्वांत मोठे कारण होते ‘वाद’, जवळपास दहा हजार प्रकरणांत. बांधावरून, पैशावरून, घरातल्या कटकटीवरून. कोयता उचलणारा माणूस त्या क्षणी कलम कोणते लागेल याचा हिशेब करत नसतो. आणि सगळीकडे गुन्हे वाढतच चालले आहेत असे आपल्याला वाटते, पण लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर १९९२ मध्ये लाखामागे साडेचारच्या आसपास असलेले खुनाचे प्रमाण २०२२ मध्ये सुमारे दोनवर आले होते. या काळात कायद्यातली खुनाची शिक्षा तीच होती.

मग खात्री का नाही? कारण खटला न्यायालयात उभा राहीपर्यंत त्यातले बळ गेलेले असते. ज्या पोलीस अधिकाऱ्याकडे तपास, त्यालाच गणपतीचा बंदोबस्त, निवडणूक, मोर्चा आणि मंत्र्यांचा दौरा. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसे वेगळी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग प्रकरणात २००६ सालीच दिला. बहुतेक ठाण्यांत काम मात्र जुन्याच पद्धतीने चालते. पंच म्हणून सही केलेला चहावाला तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरची बदली झालेली असते. साक्षीदार रोजंदारी बुडवून येतो, दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा राहतो आणि ‘आज बोर्डावर घेणार नाही, पुढची तारीख’ ऐकून परत जातो. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा तो येत नाही, किंवा आला तर फितूर होऊन येतो. बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत दोषसिद्धी बहुतेक वर्षी तीसएक टक्क्यांच्या आसपासच राहते. ही गळती थांबवायला माणसे लागतात, प्रयोगशाळा लागतात, साक्षीदाराला संरक्षण लागते. फाशीचे विधेयक एका दिवसात मंजूर होते, म्हणून सगळ्या पक्षांना ते आवडते.

पण तुमच्या प्रश्नातला ‘फुकट पोसणे’ हा भाग मला जास्त बोचला, कारण आत कोण आहे हे मी बघते. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. ते न्यायाधीन बंदी, आतल्या भाषेत कच्चे कैदी. चारांत तीन. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता हजाराच्याही आत आहे आणि तिथे कित्येक वर्षे तिपटीहून जास्त माणसे कोंबलेली असतात. बॅरेकमध्ये रात्री कुशीवर झोपावे लागते, कारण उताणे झोपायला जागा नसते.

यातल्या अनेकांना जामीन मंजूर झालेला असतो. तरीही ते आत असतात. तुम्हाला हे विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. न्यायालय म्हणते, पंधरा हजारांचा जामीन, एक जामीनदार. म्हणजे असा माणूस आणा ज्याच्याकडे रेशनकार्ड, आधार, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, नाहीतर पगाराची स्लिप आहे. कुठे ऐपतीचा दाखला मागतात, म्हणजे तहसील कार्यालयाच्या चकरा. जामीनदार स्थानिक असावा अशी अपेक्षा असते. मी एका तरुणाचे काम पाहिले, मराठवाड्यातून बांधकामावर आलेला, मोबाइलचोरीचा आरोप. आई ऊसतोडीला गेलेली, नावावर गुंठाभर जमीन नाही. ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले. शहरात त्याच्या ओळखीचे सगळे त्याच्यासारखेच, पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणारे. जामिनाचा आदेश फाइलला लागलेला आणि मुलगा महिनोन्महिने आत. शेवटी अट शिथिल करण्याचा अर्ज केला, तेव्हा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर तो सुटला. त्याच आवारात पैसे घेऊन उभे राहणारे भाड्याचे जामीनदार असतात. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला ते मिळतात, मग आरोप कितीही गंभीर असो.

ही गोष्ट न्यायालयांना ठाऊक नाही असे नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा गवंडी सर्वोच्च न्यायालयात आला होता. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट मोडीत काढली. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले असे कैदी समोर आले, ज्यांनी आरोप सिद्ध होऊन झाली असती त्याहून जास्त शिक्षा खटल्याआधीच भोगली होती. इतकी वर्षे झाली. माझ्या अशिलांकडे आजही स्थानिक जामीनदार मागितला जातो.

आता सांगा, अशा मुलाला आत ठेवून गुन्हे कमी झाले का? काम गेले, खोली गेली, आणि आत ज्यांनी त्याला चटई, साबण, बिडी दिली त्यांचे तो देणे लागतो. बाहेर आल्यावर ते देणे कसे फेडायचे हेही तेच सांगतात. टोळ्यांना माणसे इथेच मिळतात. पहिलाच गुन्हा, पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, माल परत केलेला, अशा वेळी नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली आहे. मला ती फार मोलाची वाटते.

संशय कोणावर येतो हेही जन्मावर ठरते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की आजही आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते. खरा चोर त्या वेळी निवांत असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतले जातीवर बेतलेले नियम रद्द केले. १८७१ च्या त्या कायद्यातून मोकळ्या झालेल्या विमुक्त जमातींना ‘सराईत गुन्हेगार’ धरणारे नियमही त्यात गेले. पत्रकार सुकन्या शांता यांनी बातमी करून ते उघड केले होते; तोवर ते छापील नियमांत तसेच होते.

ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला आहे त्यांच्याबद्दलही आपल्याकडे एक जुना अनुभव आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ च्या सुमारास ती सुरू केली. खुनाची शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय, बायकामुलांसह शेती करत राहिली. पैठण आणि मोर्शीची खुली कारागृहेही शेतीवर चालतात. तिथला कैदी काम करतो, मजुरी मिळवतो. ‘फुकट पोसणे’ तुम्हाला खरेच खटकत असेल, तर अशा जागा वाढाव्यात म्हणून तुम्ही आवाज उठवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि एक उपयोगाची गोष्ट, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणाचा तरी नातेवाईक, कामगार किंवा शेजारी आत असेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा कमाल शिक्षेच्या निम्म्या काळाची आहे आणि त्यांची सुटका जामिनावर होते. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित असणाऱ्यांना ती लागू होत नाही. हा अर्ज न्यायालयाकडे पाठवणे कारागृह अधीक्षकांचे कर्तव्य आहे. जामीन मंजूर होऊन जामीनदार मिळत नसेल, तर महिन्याभरानंतर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. पैशाअभावी अडकलेल्या कैद्यासाठी केंद्राच्या योजनेतून आर्थिक मदत होऊ शकते. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. कैद्याचे नाव, कारागृह, पोलीस ठाणे आणि गुन्हा रजिस्टर नंबर घेऊन तिथे जा. कोठडीतल्या माणसाला तिथून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.