एव्हरग्लेड्सला आई-बाबांना घेऊन जाताना एअरबोट घ्यावी की कयाक?

तुम्ही विचारलंय: डिसेंबरअखेर आई-बाबा मियामीला येतायत, हाताशी दोन दिवस आहेत, पोहता कुणालाच येत नाही आणि मगरींची धास्ती आहे. अशा वेळी एअरबोट बरी की कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी?

माझं उत्तर असं की पहिल्या दिवशी आधी दोन्ही नको, पायी चाला. मग आई-बाबांना इंजिनाच्या साध्या बोटीत बसवा, आणि हौस असेल तर तुम्ही तासभर कयाक घ्या. एअरबोट मी दोनदा केली आहे, दोन्ही वेळा पाहुण्यांच्या आग्रहाखातर. पाठीमागे विमानासारखा पंखा, कानात बोळे, आणि बोट पोचायच्या आधीच पक्षी उडालेले. लहान मुलांना मजा येते, हे खरं. नॅशनल पार्कच्या बहुतेक भागात एअरबोटींना बंदीच आहे. त्या दिसतात त्या मुख्यतः टॅमियामी ट्रेल या रस्त्याच्या आसपास.

मी मूळची दाभोळ खाडीकाठची, आता बरीच वर्षं फ्लोरिडात आहे. इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: प्राणी शोधू नका, पाणी शोधा. एव्हरग्लेड्स म्हणजे दलदल अशी आपली समजूत असते, पण मुळात ती एक पसरट, अतिशय संथ नदी आहे. ओकीचोबी तळ्याकडून दक्षिणेला, जवळजवळ न दिसणाऱ्या उतारावरून पाणी सरकत समुद्राला मिळतं. वर जे गवत डोलताना दिसतं ते सॉग्रास, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं. पात्याला करवतीसारखे दाते असतात, हात लावून बघायच्या फंदात पडू नका. 1928 साली पुरा झालेला टॅमियामी ट्रेल म्हणजे या प्रवाहात आडवा घातलेला बांधच. अलीकडे त्या रस्त्याचे काही तुकडे पुलांवर उचललेत, ते पाणी खालून जावं म्हणूनच.

आता तुमच्या डिसेंबरचं बघू. पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर. त्या काळात पाणी सगळीकडे असतं, म्हणून प्राणीही सगळीकडे पांगलेले आणि डास मात्र तुमच्याभोवती. हिवाळ्यात पाणी ओसरतं, मासे उरलेल्या डबक्यांत अडकतात, आणि त्यांच्यामागे बगळे, आयबिस, पाणकावळे, ॲलिगेटर (इथली मगर) सगळे एकाच पंक्तीला येतात. यातली काही डबकी ॲलिगेटर स्वतःच शेपटीने आणि तोंडाने चिखल उकरून करतो. कोरड्या महिन्यांत त्या खड्ड्यांवर कितीतरी जीव तग धरतात. डिसेंबरअखेर ही पंगत नुकती बसायला लागलेली असते. मार्चमध्ये आलात तर ती अगदी रंगात असते, पण सुट्ट्या आपल्या हातात नसतात.

पहिल्या दिवशी होमस्टेड गावाच्या बाजूने पार्कच्या आत शिरा आणि अनहिंगा ट्रेलला जा. मैलापेक्षा कमी अंतर, बराचसा लाकडी पूल, आई-बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. अनहिंगा म्हणजे आपल्याकडच्या सर्पपक्ष्याचा सख्खा चुलतभाऊ. बुडी मारून माश्याला चोचीने भोसकतो आणि मग पंख पसरून धुणं वाळत घातल्यासारखा बसतो. ॲलिगेटर पुलाखालीच पडलेले असतात. सकाळी नऊ-दहाला, ऊन अंगाला लागू लागलं की ते काठावर येतात. त्यांच्यापासून किमान 15 फूट लांब राहायचं. आणि त्यांना खायला घालायचं नाही, फ्लोरिडात तो गुन्हा आहे. माणसाकडून खाऊ मिळालेला ॲलिगेटर पुढे माणसाच्या अंगावर येण्याची भीती जास्त. बाकीचे तुम्हाला सहसा ढुंकूनही विचारत नाहीत.

तिथून गाडीने थेट फ्लमिंगोला, म्हणजे रस्ता संपतो त्या समुद्रकाठच्या ठिकाणाला. प्रवेशद्वारापासून 38 मैल. डबा आणि पाणी सोबत ठेवा. नावावर जाऊ नका, फ्लेमिंगो तिथे क्वचितच दिसतात. 2023च्या इडालिया वादळाने बरेच फ्लेमिंगो फ्लोरिडात आणून टाकले तेव्हा इथल्या पक्षीवेड्यांची दिवाळी झाली होती. मी त्यांना ठाणे खाडीबद्दल सांगितलं तर विश्वास बसेना, की मुंबईच्या लोकल ट्रेनच्या हद्दीत हजारोंनी फ्लेमिंगो उभे असतात.

फ्लमिंगोच्या धक्क्यावर मात्र नुसतं अर्धा तास उभं राहा, घाई करू नका. मॅनाटी तिथे येतो. राखाडी, गोणपाटासारखा, हजारेक पौंडांचा, संपूर्ण शाकाहारी आणि नात्याने हत्तीच्या जवळचा. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला सोसत नाही, म्हणून थंडीत तो उबदार कोपरे धरतो. त्याच धक्क्यावर क्रोकोडाइल, म्हणजे मगरीचा दुसरा प्रकार, तेही असतात. ॲलिगेटर आणि क्रोकोडाइल दोघे एकत्र राहतात अशी जगात ही एकच जागा. ॲलिगेटरचं नाक रुंद आणि गोलसर, रंग काळपट. क्रोकोडाइलचं तोंड निमुळतं, रंग फिकट, आणि तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो. आईंना हे आधी सांगून ठेवा, मग बघा त्या सगळ्या पर्यटकांना कशा समजावून सांगतात.

दीडेक तासाची बोट इथूनच निघते. तिकीटघराजवळच्या माहिती केंद्राला गाय ब्रॅडली याचं नाव आहे. बायकांच्या टोप्यांत खोवायला बगळ्यांची पिसं हवी होती, आणि त्यासाठी इथल्या पक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जात होत्या. ब्रॅडली पक्ष्यांचा राखणदार होता. 1905 साली एका शिकाऱ्यानेच त्याला गोळी घातली. आज दिसणारे बगळे बघताना हे माहीत असलेलं बरं.

आता कयाक. पोहता येत नसेल तर नाइन माइल पाँड बरं. पाच मैलांची फेरी, पांढऱ्या खुणांचे खांब, पाणी बहुतेक ठिकाणी उथळ. लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही, आणि ॲलिगेटर वाटेत दिसला तर त्याला वाट द्यायची. पाचही मैल करायलाच हवेत असं नाही, अर्ध्या तासात मागे फिरलात तरी चालेल.

दहा हजार बेटांकडे, म्हणजे एव्हरग्लेड्स सिटीच्या बाजूला, मात्र स्वतःच्या जोरावर जाऊ नका. तिथे मी स्वतः फसले आहे. कोकणातली पोर, खाडीत वाढलेली, मला काय कोण शिकवणार, अशा तोऱ्यात भरतीचं वेळापत्रक न बघता निघाले. इथे भरती-ओहोटीतला फरक आपल्या कोकणापेक्षा पुष्कळ कमी, पण पाणी इतकं उथळ की तेवढ्यानेही भागतं. येताना सुकती लागली, प्रवाह समोरून, आणि बघता बघता कयाक कालवांच्या थरावर टेकली. उतरून ढकलावी म्हटलं तर बूट फाटला आणि टाच कापली. पाणी परत चढेपर्यंत तीन तास उन्हात बसून होते. नो-सी-अम नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माश्यांनी तेवढ्यात माझं जेवण केलं. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "कालवं कापतात हे तू सहा वर्षांची असताना मी तुला सांगितलं होतं."

पुढच्या वर्षी तेच बाबा इथे आले. बोट खारफुटीच्या बोळात शिरली तशी कमानीसारखी मुळं बघून म्हणाले, "अगो, हे तर कांदळ!" बरोबरच. इथलं रेड मँग्रोव्ह आणि आपलं कांदळ एकाच प्रजातीसमूहातले. ब्लॅक मँग्रोव्ह म्हणजे तिवराचा भाऊबंद, चिखलातून तशीच बोटं वर काढणारा आणि पानांवर मीठ टाकणारा. कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजतात आणि मग भाल्यासारख्या खाली सुटतात, ते बाबांनीच गाइडला करून दाखवलं. बेटांपैकी काही तर कालुसा या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी शतकानुशतकं शिंपल्या टाकून उभी केलेली आहेत. कालवं खाऊन बेट करणारी माणसं म्हटल्यावर बाबांचा त्यांच्याबद्दलचा आदर एकदम वाढला.

रॅकून, ससे दिसतील अशी आशा मुलांना दाखवू नका. पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर इथे मोकळे सुटले आणि वाढले. 2012च्या एका अभ्यासात रॅकून दिसण्याचं प्रमाण 99 टक्क्यांहून जास्त घटल्याचं आढळलं. अजगर स्वतः मात्र सहसा दिसत नाही, त्याची चिंता नको.

दुसरा दिवस टॅमियामी ट्रेलवरच्या शार्क व्हॅलीला द्या. 15 मैलांचा गोल रस्ता, ट्रॅम दोन तासांत फिरवून आणते, मध्ये मनोरा आहे. आई-बाबा ट्रॅममध्ये, तुम्ही सायकलवर. सुट्टीच्या गर्दीत ट्रॅमची जागा आधीच राखून ठेवा.

आणि एक राहिलंच. अनहिंगा ट्रेलच्या गाडीतळावर गिधाडं बसलेली असतात, त्यांना गाडीच्या काचेभोवतीचं रबर आणि वायपर फार आवडतात. तिथेच ताडपत्र्या आणि बांधायच्या दोऱ्या ठेवलेल्या असतात. भाड्याची गाडी असेल तर लाजू नका, नीट गुंडाळून बांधा, आणि निघताना ताडपत्री परत ठेवा.