एडिंग्टनमुळे चंद्रशेखर यांचं नोबेल रखडलं का?

प्रश्नाचा रोख असा दिसतो : त्या काळचे नावाजलेले ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी भर सभेत पाणउतारा केला, म्हणून खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना नोबेलसाठी जवळपास पन्नास वर्षं थांबावं लागलं. पाणउतारा झाला, हे खरं. पण नोबेलचं खापर मी एकट्या एडिंग्टनवर फोडणार नाही.

आधी मूळ काम. जुलै १९३० च्या अखेरीस एकोणीस वर्षांचा हा मुलगा मुंबईहून बोटीनं केंब्रिजला निघाला आणि वाटेत आकडेमोड करत बसला. इंधन संपलेल्या ताऱ्याला तोलून धरतो तो इलेक्ट्रॉनांचा दाब. हा दाब घनतेच्या ५/३ घातानं वाढतो असं धरलं, तर कितीही जड तारा शेवटी श्वेतबटू (इंधन संपल्यावर उरणारा छोटा, अतिघन तारा) होऊन निवांत पडणार. पण अतिघन ताऱ्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळतात. तिथं सापेक्षता लावली की घात ४/३ वर येतो. फरक किरकोळ वाटतो, पण तारा आक्रसताना आता दाब आणि गुरुत्वाकर्षण एकाच प्रमाणात वाढतात. म्हणजे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेलं की दाब हरलाच. ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट. (ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडमंड स्टोनरही स्वतंत्रपणे अशाच मर्यादेपर्यंत पोचला होता, आपल्याकडे हे सहसा कुणी सांगत नाही.)

११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर बोलून बसले आणि पाठोपाठ एडिंग्टन उठले. ताऱ्याला असं वेड्यासारखं वागू न देणारा निसर्गनियम असायलाच हवा, असं ते म्हणाले आणि हशा पिकला. मला त्याहून जास्त खटकतं ते बाकीच्यांचं गप्प बसणं. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीसारख्या दिग्गजांना चंद्रशेखर यांचं म्हणणं पटत होतं, पण जाहीरपणे कुणी तोंड उघडलं नाही.

करिअर मात्र बुडालं नाही. १९३७ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत गेले, १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं आणि तो विषय बाजूला ठेवला. पुढे हीच रीत पडली : एका विषयात काही वर्षं बुडी, जाडजूड ग्रंथ, मग नवा विषय. कृष्णविवरांकडे तर ते साठीच्या आसपास वळले. १९५३ मध्ये सुवर्णपदक दिलं तेही त्याच लंडनच्या सोसायटीनं!

नोबेल समिती खगोलभौतिकीकडे वळली तीच उशिरा. ताऱ्यांची ऊर्जा कुठून येते हे उलगडणाऱ्या हान्स बेथेंना मिळालं १९६७ मध्ये. पल्सारचा, म्हणजे गरगर फिरणाऱ्या अतिघन न्यूट्रॉन ताऱ्याचा, शोधही त्याच वर्षीचा. त्याआधी मर्यादेपलीकडच्या ताऱ्यांचं काय होतं, याचा आकाशात धड पुरावाच नव्हता. चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये विल्यम फाउलर यांच्यासोबत मिळालं. केंब्रिजमधले त्यांचे मार्गदर्शक राल्फ फाउलर वेगळे. इथं बऱ्याच जणांची गल्लत होते.

आणि एडिंग्टन-चंद्रशेखर यांच्यात वैर नव्हतं. एडिंग्टन चंद्रशेखर यांना पत्रातून आपल्या सायकलिंगचा हिशेबसुद्धा कळवत.

मूळ गणित बघायचं असेल, तर १९३९ च्या पुस्तकाची डोव्हर प्रकाशनाची आवृत्ती आहे. थेट अकरावं प्रकरण उघडा, पण त्याआधी पॉलिट्रोपचं (दाब घनतेच्या ठरावीक घातानं वाढतो असं मानणाऱ्या ताऱ्याच्या सोप्या प्रतिमानाचं) चौथं वाचून घ्या.