आधी दार रेखाट

प्रिय मुली,

तुझे पत्र आणि भविष्यातील टॅक्सीची रेखाटने मिळाली. एक परीक्षक म्हणतात, कल्पना अधिक धाडसी हवी. दुसरे म्हणतात, ती रस्त्यावर येण्याजोगी हवी. आणि या दोघांच्या मध्ये तू अडकली आहेस. तुझा हात चांगला आहे हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर मी शाई खर्च करणार नाही. मला खटकले ते हे की, तुझ्या एकाही चित्रात गाडीचे दार उघडे नाही. गाडी सर्वत्र धावते आहे, ओल्या रस्त्यावर तिचे दिवे चमकत आहेत (हा ओला रस्ता तुम्हा सगळ्यांना कोण शिकवते, ते मला एकदा शोधून काढायचे आहे), पण तिच्यात कोणी चढत नाही आणि तिच्यातून कोणी उतरत नाही. खासगी मोटारीचा मालक आपल्या दाराची खोड एकदा शिकतो; टॅक्सीचे दार मात्र दिवसभर अनोळखी माणसे उघडतात. म्हणून आधी दार रेखाट.

१९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये वास्तुविशारद एमिलिओ आम्बाझ यांनी टॅक्सींचे प्रदर्शन भरवले होते. त्यात मोटारींचे इटालियन आरेखक जॉर्जेत्तो जुजारो यांनी आल्फा रोमिओ या मोटार-कंपनीसाठी आखलेली एक टॅक्सी होती: लांबीला आखूड, उंचीला जास्त, सरकत्या दारांची, व्हीलचेअर आत घेता येईल अशी. ती टॅक्सी म्हणून कधीच उत्पादनात गेली नाही, पण तिची उंच बांधणी १९७८ च्या लान्चिया मेगागामा या संकल्पना-मोटारीत पुन्हा दिसली, आणि आजच्या उंच कौटुंबिक गाड्यांच्या पूर्वजांत त्या मोटारीची गणना होते. तुझे दोन्ही परीक्षक ज्यावर समाधानी झाले असते अशी ती गाडी होती, कारण तिची मांडणी आत शिरणाऱ्या माणसापासून सुरू झाली होती.

दार रेखाटले की काम संपले, असेही नाही. टोयोटाने २०१७ मध्ये आणलेल्या जेपीएन टॅक्सीला उंच छत, सपाट तळ आणि सरकते दार होते, तरीही व्हीलचेअर आत घेण्याची पद्धत इतकी वेळखाऊ होती की तक्रारी झाल्या आणि २०१९ मध्ये कंपनीला व्हीलचेअर चढवण्याच्या रॅम्पची मांडणी सोपी करावी लागली. दार किती रुंद उघडते याच्याइतकेच, ते वापरायला किती वेळ लागतो हेही आराखड्यात धरावे लागते.

आता तुझ्या चालकरहित कल्पनेकडे येतो. तू चालकाचे आसन काढून तिथे बैठकीची खोली थाटली आहेस, आणि चालकाबरोबर आणखी काय गेले याचा विचार केलेला नाहीस. गाडी हाकण्याचे त्याचे काम संगणकाने घेतले. पण सामान उचलणे, म्हाताऱ्या माणसाला हात देणे, मागून दुचाकी येत असल्याचे पाहून ‘थांबा, आत्ता उतरू नका’ म्हणणे आणि अर्धवट लागलेले दार पुन्हा लावणे, ही दारापाशची कामे तू कोणाकडे सोपवलीस? वेमो या अमेरिकी कंपनीच्या, नेहमीची बिजागरीची दारे असलेल्या चालकरहित टॅक्सीत उतारूने दार उघडे टाकले, तर ती जागची हलत नाही. ते लावायला माणूस पाठवावा लागतो. झूक्स या दुसऱ्या कंपनीने समोरासमोर चार आसने, दोन्ही बाजूंना आपोआप सरकणारी दारे आणि दोन्ही दिशांना सारखीच धावणारी गाडी केली, ती मला म्हणूनच गंभीर विचाराची वाटते. टेस्लाने २०२४ मध्ये दाखवलेल्या सायबरकॅबची दारे वर उघडतात आणि छायाचित्रांत देखणी दिसतात. पण त्या बुटक्या, दोन आसनी गाडीत व्हीलचेअरवरच्या प्रवाशाने कसे शिरावे, याचे उत्तर मला सापडत नाही. तुझी गाडी या दुसऱ्या वाटेने निघाली आहे, म्हणून हा त्रागा.

मी ज्या कारखान्यात होतो, तिथे मला दारवेडा म्हणत. मी आखलेले सरकते दार रुळाचा खर्च जास्त म्हणून एका बैठकीत रद्द झाले आणि त्या जागी नेहमीचे बिजागरीचे दार आले. त्याची सल अजून गेलेली नाही, आणि जाऊ द्यावी असे मला वाटतही नाही. त्या हिशेबात रुळाची किंमत होती; प्रत्येक फेरीत दारापाशी वाया जाणारा वेळ, रहदारीत उघडलेल्या दाराला बसणारी धडक आणि अवघडून बाहेर पडणारे गुडघे त्यात कोणी मांडलेच नव्हते. मी हेकट होतो, असे म्हणणाऱ्यांनी तो कागद पुन्हा वाचावा. तुझ्यावरही अशी बैठक येईल, तेव्हा चाकांची झळाळी सोड, आतले पडदे सोड, हवे तर छतावरचा दिवाही सोड. दार सोडू नकोस.

पुढच्या पत्रासोबत रंगवलेले चित्र नको. दार पूर्ण उघडे असलेला गाडीचा आडवा छेद पाठव, त्यावर जमिनीपासून तळापर्यंतची उंची, आसनाची उंची आणि दाराची मोकळी रुंदी मिलिमीटरमध्ये लिही, आणि कडेला पदपथाची उंची दाखवायला विसरू नकोस. परीक्षकांना काय उत्तर द्यायचे, ते त्यानंतर ठरवू.

तुझा,
दारवेडा