सांबाच्या शाळेत मुले काय शिकतात?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त रिओ द जानेरोला असतो. पुढच्या महिन्यात आम्ही उभयता तिकडे जाणार आहोत. मुलांच्या कलाशिक्षणासाठी निधी उभारण्याकरिता होणाऱ्या एका सांबा नृत्याच्या कार्यक्रमाची तिकिटे त्याने काढून ठेवली आहेत. सांबा म्हटले की पिसांचे मुकुट आणि तोकडे कपडे एवढेच डोळ्यांसमोर येते. त्यात मुलांचे शिक्षण कुठून आले? शिवाय असे पैसे मुलांपर्यंत खरोखर पोहोचतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पिसांचे मुकुट ही कार्निव्हलच्या मिरवणुकीची बाजू झाली. त्यामागे वर्षभर चालणाऱ्या तालमी आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून आपला हा समज होतो. रिओमध्ये सांबा मंडळांना ‘एस्कोला दी सांबा’, म्हणजे सांबाची शाळाच म्हणतात. 1928 मध्ये एस्तासिओ वस्तीत निघालेल्या मंडळाला शेजारच्या अध्यापक विद्यालयावरून हे नाव सुचले, असे त्याचे एक संस्थापक इस्माएल सिल्वा सांगत असत. त्याच वर्षी स्थापन झालेले मांगेरा हे मंडळ आजही नांदते आहे. (‘मांगेरा’ म्हणजे आंब्याचे झाड, पोर्तुगीजांबरोबर आपला आंबा तिकडे गेला आणि एका टेकडीला नाव देऊन बसला.) या मांगेराचे मुलांचे वेगळे मंडळ, ‘उद्याची मांगेरा’, गायिका अल्सिओनी यांच्या पुढाकाराने 1987 मध्ये सुरू झाले.

आता मुले शिकतात काय, ते पाहा. कुईका नावाच्या वाद्यात चामड्याच्या मधोमध आतून एक बारीक काठी बसवलेली असते. ओल्या फडक्याने ती काठी चोळायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताच्या बोटाने बाहेरून चामडे दाबायचे, की दाब बदलेल तसा स्वर चढतो-उतरतो आणि वाद्य हसल्या-रडल्यासारखे बोलू लागते. दोन्ही हातांची दोन वेगळी कामे एका लयीत बसवायला मुलाला किती घोटावे लागत असेल, हे तबल्याच्या शिकवणीला बसलेल्या कोणालाही सांगायला नको. मंडळाचे निशाण मिरवणाऱ्या मुलीचे शिक्षण तर आणखी कडक असते. तिने गिरक्या घ्यायच्या, पण निशाण काठीभोवती गुंडाळले जाता कामा नये. आणि सगळे सांबा नाचत असताना तिने मात्र सांबाची पावले टाकायची नाहीत, तिची चाल वेगळी आणि दरबारी. मला तरी हे शिक्षणच वाटते.

पैशांविषयी तुमची शंका रास्त आहे. ब्राझीलमध्ये 1991 च्या एका कायद्यानुसार सरकारने मंजूर केलेल्या सांस्कृतिक उपक्रमांना दिलेली रक्कम कंपन्यांना आयकराच्या 4 टक्क्यांपर्यंत आणि व्यक्तींना 6 टक्क्यांपर्यंत करातून वळती करून घेता येते, आणि अशा उपक्रमांना खर्चाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. तिकिटांतून उभ्या राहणाऱ्या निधीची पारख मात्र आपणच करायची. वाद्यांची चामडी, पोशाख, मुलांचा प्रवासखर्च आणि शिकवणाऱ्याचे मानधन यांपैकी कशासाठी पैसे जाणार, हे आयोजकांना सरळ विचारावे. गोलगोल उत्तर मिळाले, तर कार्यक्रमाचा आनंद घ्यावा, पण वेगळी देणगी देऊ नये. रंगमंचावर मुले किती वेळ असतात, हेही पाहावे; पाच मिनिटे नाचवून मुलांना आत पाठवणारे कार्यक्रम मला खटकतात.

बसायला शक्यतो वादकांजवळची जागा घ्या. सांबाचा ताल दोन मात्रांचा असतो आणि वजन दुसऱ्या मात्रेवर पडते. सुर्दो हा मोठा ढोल तो भार उचलतो. इतर मंडळांत एका सुर्दोला दुसरा उत्तर देतो. मांगेराच्या वादनात ते उत्तर नसते, म्हणून जाणकार डोळे मिटूनही तो ठेका ओळखतात. सुर्दोचा ठोका कानांपेक्षा छातीत आधी जाणवतो, तेव्हा वहिनींना मोठ्या आवाजाचा त्रास होत असेल, तर कापसाचे बोळे बरोबर असू द्यावेत.